खांद्यावरची अक्षरे

पोलिसांचे जुने गणवेश, टोपीवरची पदके, खांद्यावरच्या फिती आणि बाहीवरचे बिल्ले जमवणाऱ्यांना जर्मनीत अभ्यासाला विपुल सामग्री मिळते, कारण तेथे पोलीस हा मुख्यतः घटक राज्यांचा विषय असून सोळाही राज्यांची दले स्वतंत्र आहेत आणि प्रत्येक दलाच्या बाहीवर त्या त्या राज्याचे राजचिन्ह असते. तेथील ताऱ्यांचा रंगही अर्थपूर्ण असतो. रुपेरी तारे वरच्या सेवाश्रेणीचे आणि सोनेरी तारे त्याहून वरच्या श्रेणीचे मानले जातात. पूर्व जर्मनीचे लोकपोलीस दल 1990 मध्ये देशाच्या एकीकरणाबरोबर संपले, 1970 च्या दशकात पश्चिमेकडे रूढ झालेला हिरवा-बदामी गणवेश या शतकात एकेका राज्यात निळ्याला जागा देत गेला, आणि 2005 मध्ये संघराज्याच्या सीमा दलाचे नावच बदलले. राज्यव्यवस्था बदलली की ती सर्वांत आधी कापडावर आणि धातूवर उमटते, हे अशा संग्रहातून जितके स्पष्ट दिसते तितके नकाशातूनही क्वचितच दिसते.

वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी या बंजारा समाजाच्या तीर्थक्षेत्राचा परिसर या दृष्टीने पाहिला, तर त्याचा प्रशासकीय प्रवास जर्मन राज्यांपेक्षा कमी गुंतागुंतीचा नाही. निजामाचे वऱ्हाड 1853 मध्ये कंपनी सरकारच्या ताब्यात आले, 1903 मध्ये ते मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले, 1905 मध्ये वाशीम जिल्हा मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात गेला, स्वातंत्र्यानंतर हा भाग मध्य प्रदेशात राहिला, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आला, तर वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. राज्य बदलले की शिपायाच्या खांद्यावरची अक्षरे बदलणे ओघानेच आले. प्रजासत्ताकाबरोबर ब्रिटिश राजमुकुटाची जागाही अशोकस्तंभावरील सिंहमुद्रेने घेतली. म्हणून एकाच गावच्या बंदोबस्ताच्या खुणा काळाच्या क्रमाने मांडल्या, तर वऱ्हाडाचा शंभर वर्षांचा राजकीय इतिहास एका पेटीत मावेल. असा संग्रह कोणीतरी आवर्जून उभा करावा इतके त्याचे मोल आहे.

आजच्या खुणा ओळखायला पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेचा बंदोबस्त ही उत्तम पाठशाळा आहे. हवालदाराच्या बाहीवर व्ही आकाराच्या तीन फिती असतात. सहायक उपनिरीक्षकाच्या खांद्यावर एक तारा असतो आणि उपनिरीक्षकाच्या, म्हणजे ज्याला लोक अजूनही फौजदार म्हणतात त्याच्या खांद्यावर दोन, आणि दोघांनाही लाल-निळी फीत असते. सहायक निरीक्षक आणि निरीक्षक या दोघांनाही तीन तारे असल्याने नवशिक्याचा गोंधळ होतो, पण पहिल्याची फीत केवळ लाल आणि दुसऱ्याची लाल-निळी असते. कोणतीच फीत नसली आणि तारे तीनच असले, तर तो उपअधीक्षक समजावा. अधीक्षकाच्या खांद्यावर सिंहमुद्रा आणि तिच्या जोडीला एक तारा येतो, तर महानिरीक्षकापासून पुढे तलवार आणि दंड यांची फुली दिसू लागते.

पोहरादेवीत मात्र या खाकीला आणखी एक, जड अर्थ आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांना जन्मतःच संशयित ठरवले, त्यांच्या वस्त्यांवर पोलिसांची पाळत बसवली, आणि तो कायदा 1952 मध्ये रद्द झाल्यावर हे समाज विमुक्त ठरले. महाराष्ट्रात बंजारा समाजाची नोंद याच विमुक्त जातींत आहे. येथे 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. आरशांनी आणि कवड्यांनी मढवलेला बंजारा स्त्रीचा पोशाख जसा समाजाच्या वाटचालीचा दस्तऐवज आहे, तसा तांड्यावर हजेरी घ्यायला येणाऱ्या शिपायाच्या पट्ट्याचा पितळी बिल्लाही आहे, आणि या दोन वस्तू शेजारी ठेवल्याशिवाय त्या काळाचे चित्र अपुरे राहते. जर्मनीत नाझी राजवटीची चिन्हे जाहीरपणे मिरवणे हा गुन्हा आहे, तरीही संशोधन आणि शिक्षण यांसाठी त्याला अपवाद ठेवला आहे, तो अशाच विचाराने.

भारतात लोकसेवकाचा गणवेश किंवा त्याची खूण फसवणुकीच्या उद्देशाने वापरणे भारतीय न्याय संहितेच्या 205 व्या कलमानुसार दंडनीय आहे. त्यामुळे संग्राहकाने जुना गणवेश अंगावर चढवून रस्त्यावर उतरू नये. निवृत्त पोलिसांच्या घरून मिळालेल्या वस्तू घासून चकचकीत करण्याचा मोहही टाळावा, कारण वारंवार पॉलिश केल्याने पितळेवरची उठावदार अक्षरे झिजतात आणि वस्तूची ओळखच पुसली जाते. लोकरी कापड कसरीपासून जपावे, सोनेरी जरीकाम घडी न घालता सपाट ठेवावे, आणि प्रत्येक बिल्ल्याबरोबर तो कोणत्या ठाण्यात, कोणत्या काळात, कोणत्या हुद्द्यावर वापरला गेला याची चिठ्ठी वापरणाऱ्याच्या हयातीतच लिहून घ्यावी.