वारसा यादी आणि भाडेकरूचे घर : मुंबईतील नियमांचे एक विवेचन

मुंबई महानगरपालिकेने २०१२ साली शहराच्या वारसा यादीत समाविष्ट करावयाच्या ९४८ नव्या स्थळांची मसुदा यादी हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केली. दादरचा शिवाजी पार्क परिसरही तीत होता. आपल्या वस्तीचा गौरव झाला म्हणून रहिवासी समाधान मानतील, अशी अपेक्षा कोणीही केली असती. प्रत्यक्षात विरोधच उभा राहिला. इमारतीचा पुनर्विकास आता अडणार, ही त्यामागील भीती होती. अखेर फेरविचारासाठी माजी मुख्य सचिव दिनेश अफझलपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. रहिवाशांना वारशाची आस्था नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे ठरेल. या विरोधाची मुळे गृहनिर्माणविषयक कायद्यांत आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूस संरक्षण लाभले, परंतु त्या उत्पन्नातून दुरुस्ती करणे मालकास परवडेनासे झाले. १९९९ च्या नव्या कायद्याने वार्षिक ४ टक्के वाढ अनुज्ञेय केली खरी. पण मूळ रकमाच इतक्या तुटपुंज्या की त्या वाढीने फारसे काही साधले नाही. दरम्यान १९६९ च्या कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी शासकीय मंडळाकडे सोपविली व त्यासाठी उपकर बसविला. आरंभी अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती.

येथे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ३३(७) महत्त्वाचा ठरतो. बेटशहरात सर्वसाधारण चटई क्षेत्र निर्देशांक १.३३ असताना उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्बांधणीस या नियमाने २.५ पर्यंत, पुढे ३ पर्यंत निर्देशांक देऊ केला. भाडेकरूस मोफत मालकीचे घर आणि विकासकास विक्रीयोग्य वाढीव क्षेत्र, असा हा व्यवहार होय. म्हणजेच उभ्या इमारतीचे मोल जवळजवळ शून्य आणि पाडलेल्या इमारतीचे मोल कोट्यवधींचे, अशी स्थिती नियमांनीच निर्माण केली.

याच नियमावलीत १९९५ साली नियम ६७ कार्यान्वित झाला. भारतीय शहरांमध्ये असा नगरवारसा नियम प्रथम मुंबईत आला. वास्तूंची श्रेणी १, २ व ३ अशी वर्गवारी झाली आणि बदलांवर सल्ला देण्यासाठी वारसा संवर्धन समिती स्थापन झाली. एकच नियमावली एका पानावर पाडण्यास प्रोत्साहन देते व दुसऱ्या पानावर जपण्यास सांगते! १९९९ मधील दुरुस्तीने श्रेणी ३ मधील उपकरप्राप्त इमारतींना समितीच्या परवानगीतून वगळले, तेव्हा या विसंगतीत कोणती बाजू वरचढ आहे हे उघड झाले.

नियम ६७ मध्ये भरपाईचा विचारच नव्हता, असे मात्र नाही. वारसा निर्बंधामुळे बांधकामाचा हक्क गमवावा लागल्यास तेवढा हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची सोय त्यात होती. परंतु हा हक्क मिळतो तो मालकास. चाळीतील वा जुन्या इमारतीतील भाडेकरूच्या वाट्यास त्यातून काहीच येत नाही. त्याचे मोफत घर तेवढे दुरावते. संवर्धनाचा भार ज्याच्या अंगावर पडतो आणि मोबदला ज्याच्या हाती जातो, त्या दोन व्यक्ती भिन्न आहेत. शिवाजी पार्कच्या वादात सौंदर्यदृष्टी, अस्मिता यांवर पुष्कळ बोलले गेले. ह्या साध्या हिशेबाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले.

ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्ह परिसरातील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहास २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तेथील आर्ट डेको इमारती बहुतांशी राहती घरे आहेत आणि त्यांतील अनेक घरांत आजही भाडेकरूच राहतात. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने गंजलेले लोखंड आणि फुटलेला गिलावा मूळ रूपात दुरुस्त करण्याचा खर्च त्यांच्या मासिक भाड्यातून निघण्यासारखा नाही.