शिक्का कुणाचा आणि सिद्धता कुणाची?

पदवी ही ज्ञानाची खूण, असे आपण मानतो. परंतु देशाची सीमा ओलांडली की ती निव्वळ कागद उरते. त्या कागदाचे मोल कोणी ठरवायचे? या प्रश्नाला युरोपने जे उत्तर शोधले, ते आपण नीट समजून घेतले पाहिजे.

युरोप परिषद आणि युनेस्को यांच्या पुढाकाराने ११ एप्रिल १९९७ रोजी लिस्बन येथे एक करार झाला. त्याचा गाभा असा: आवश्यक ती माहिती अर्जदाराने द्यावी, पण त्याची पदवी आपल्या पदवीहून मूलतः भिन्न आहे, असे ज्याला म्हणायचे असेल त्यानेच ते सिद्ध करावे. म्हणजे सिद्धतेचे ओझे नाकारणाऱ्याच्या खांद्यावर आले. उंबऱ्याबाहेर उभे राहून आपली लायकी पुन्हा पुन्हा सिद्ध करणे ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना या बदलाचे मोल वेगळे सांगायला नको. घरातला पहिला पदवीधर म्हणून मला तरी ते सांगावे लागले नाही.

पण परक्या विद्यापीठाचा दर्जा तपासला कोणी? १९९९ साली २९ देशांनी बोलोन्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २००५ साली बर्गेन येथे दर्जातपासणीची समान मानके स्वीकारली गेली. २००८ साली तपासणी-संस्थांची युरोपीय नोंदवही सुरू झाली. तीत नाव यायचे तर त्या संस्थेलाच बाहेरच्या तज्ज्ञांच्या तपासणीला सामोरे जावे लागते. तपासणाऱ्याचीही तपासणी! शिवाय महाविद्यालये तपासणाऱ्या समितीत विद्यार्थी हवा आणि तिचा संपूर्ण अहवाल प्रसिद्ध व्हावा, असे ही मानके सांगतात. शिक्षक म्हणून मला हे कलम फार महत्त्वाचे वाटते. ज्याच्यासाठी शिक्षण, त्यालाच न विचारता शिक्षणाचा दर्जा कसा ठरणार?

अनेक देशांतील विद्यापीठे मिळून एक अभ्यासक्रम चालवतात, तेव्हा प्रत्येक देश आपली वेगळी तपासणी करीत असे. २०१५ साली येरेवान येथे मंत्र्यांनी ठरवले की, नोंदवहीतील एका संस्थेची एकच तपासणी सर्वांनी मानावी. सर्व देशांचे कायदे मात्र अजून त्याला अनुकूल झालेले नाहीत. विश्वास जाहीर करणे सोपे, आपला अधिकार सोडणे कठीण.

आणि ज्याच्याजवळ कागदच नाही, त्याचे काय? युद्धातून जीव वाचवून आलेला माणूस प्रमाणपत्र कुठून आणणार? लिस्बन कराराच्या सातव्या भागात अशा निर्वासितांसाठी वेगळी तरतूद आहे. २०१७ पासून युरोप परिषदेने त्यांच्यासाठी एक पात्रतापत्र सुरू केले. उपलब्ध पुरावे आणि मुलाखत यांवरून तज्ज्ञ त्या माणसाचे शिक्षण नोंदवतात. या पत्राने पदवीला औपचारिक मान्यता मिळत नाही, प्रवेशाची वा नोकरीची हमीही मिळत नाही. तरीही कागद हरवला म्हणून माणसाचे ज्ञान हरवत नाही, एवढे त्यात मान्य झाले आहे. संस्थांनी एकमेकींचे शिक्के मानले, हे चांगलेच झाले. पण या साऱ्या व्यवस्थेची खरी कसोटी ज्याच्या हाती एकही शिक्का नाही, त्याच्यापाशीच लागेल.