लेकाकडे अमेरिकेला निघालात? ब्लूबेरीच्या मळ्यावर जाऊन या

आता आपल्या खेड्यापाड्यांतूनही आई-वडील मुलाकडे अमेरिकेला जातात आणि चार दिवसांत घरात बसून कंटाळतात. शेतकरी बंधूंनो, न्यू जर्सीकडे जाणार असाल तर मुक्काम जून-जुलैचा ठेवा. मुलाला सांगा, बाजारहाट नंतर, आधी ब्लूबेरीचा मळा दाखव.

या मळ्यांत गिऱ्हाईकच बादली घेऊन फळ तोडते, वजन करून पैसे देते. तोडणीची मजुरी नाही, अडत-हमाली नाही. आपल्याकडे हुरड्याला पाहुणे येतात तसेच. फक्त तिथला पाहुणा राबतो! मोठे बागायतदार मात्र मजूर आणि यंत्र लावूनच तोडतात.

तिथला हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. मिशिगनला मुक्काम असेल तर जुलै-ऑगस्ट धरा. निघण्याआधी फोन जरूर करा. घोसातली सगळी फळे एकदम पिकत नाहीत, त्यामुळे गर्दीने पिकलेला माल नेला की पुढचा पिकेपर्यंत मळा बंद ठेवतात. सकाळी जा, टोपी-पाणी बरोबर घ्या.

देठाजवळ लाली दिसली तर फळ राहू द्या, तोडल्यावर त्याची गोडी वाढत नाही. पिकलेले फळ अंगठा लावताच हातात येते. द्राक्षावर असतो तसा पांढरट थर पुसू नका, फळ खातानाच धुवा. तोडता तोडता खाल्लेले चालते का, ते मालकाला विचारा बरं का!

हे मुळात रानातले झुडूप. न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉगच्या एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी रान तुडवणाऱ्या लोकांना पैसे देऊन टपोऱ्या फळांची झुडपे शोधून घेतली. सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी त्यांचा संकर केला आणि 1916 साली पहिला माल बाजारात गेला. करवंदाच्या जाळीकडे आपण कधी असे पाहिले आहे का?

येताना पिशवीत फांदी मात्र आणू नका. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसेल तर विमानतळावरच जप्त होईल. शिवाय त्याला सामू साडेचार ते साडेपाचची आम्ल जमीन लागते. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ते तग धरणार नाही.

आणायचे ते डोळ्यांत आणा. गाड्या कुठे लावतात, कोणत्या ओळी कोणाला देतात, काटा कुठे ठेवतात, नासाडी किती होते. आणि बादली रिकामी असतानाच तिचे वजन करून घ्या.