मोटारीचे दिवे कां लुकलुकतात?

श्रावणांतल्या संध्याकाळीं माळशेजच्या घाटांत धुकें उतरलें म्हणजे वळणावरचा कठडासुद्धां दिसेनासा होतो. धबधबे पाहावयास वर गेलेलीं कुटुंबें त्याच सुमारास मुरबाडकडे उतरूं लागतात. अशा वेळीं मोटारीचे पुढचे दिवे एकाएकीं मंदावावे, उजळावे, पुन्हां मंदावावे, याहून वाईट खोड मोटारीला दुसरी नाहीं. शहापूर तालुक्यांतून कसाऱ्याच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मागून अवजड मालमोटारी येत असतात. तेथें मागचा तांबडा दिवा विझणें हें पुढचा विझण्याइतकेंच घातक.

दिवा लुकलुकूं लागला कीं बहुतेक लोक दोष दिव्यालाच देतात. नवा बल्ब बसवितात, आठ दिवस बरे जातात, आणि एखाद्या खड्ड्यासरशीं मूळ दुखणें पुन्हां उपटतें. वास्तविक दिवा हा साखळींतला शेवटचा दुवा. बॅटरी, तिला भरणारा ऑल्टरनेटर, तारा, फ्यूज, बटण आणि प्रवाहाची परतीची वाट, यांत कोठेंही खंड पडला तरी तो दिसावयाचा दिव्यांतच.

या परतीच्या वाटेकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. घरांतल्या दिव्याकडे दोन तारा गेलेल्या असतात. मोटारींत दुसऱ्या तारेचें काम गाडीचा लोखंडी सांगाडाच करतो. बॅटरीचें ऋण टोक जाड तारेनें सांगाड्याला जोडलेलें असतें. दिव्यांतून गेलेला प्रवाह आंखूड तारेनें सांगाड्यावर उतरतो आणि तेथून बॅटरीकडे परततो. या जोडाला कारागीर 'अर्थिंग' म्हणतात. पावसाचे चार महिने या दोन तालुक्यांत चिखलपाणी चाकांबरोबर वर उडत असतें. जेथें ही तार स्क्रूनें आवळलेली असते तेथें गंज धरतो. गाडी उभी असतां जोड कसाबसा टेकून राहतो. गाडी आदळली कीं क्षणभर सुटतो.

म्हणून पाना हातीं घेण्यापूर्वीं दिवा कसा लुकलुकतो तें पाहावें. एकच दिवा खोडी करीत असेल तर त्याचा होल्डर किंवा त्याचें अर्थिंग तपासावें. आंतल्या दिव्यासकट सगळेच मंदावत असतील तर रोग मुळाशीं, म्हणजे बॅटरीच्या जोडांत अथवा ऑल्टरनेटरांत आहे. इंजिनाची गति वाढवितांच दिवे उजळत असतील तर ऑल्टरनेटरचा पट्टा ढिला झालेला असण्याचा संभव आहे. जुन्या मोटारींत डायनामो असे, आणि इंजिन मंद चालतांना दिवे मिणमिणणें हा त्याचा स्वभावच होता. अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें १९६० सालच्या सुमारास मोटारींत ऑल्टरनेटर आणला, तेव्हांपासून ही सबब उरली नाहीं.

हाताशीं मल्टिमीटर असेल तर काम सोपें. इंजिन बंद असतां भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; इंजिन चालूं असतां आंकडा साधारण १३.८ ते १४.५ यांमध्यें असावा. नव्या गाड्यांत तो थोडाफार हलतो. तो १३ च्याही खालीं राहिला तर बॅटरी भरली जात नाहीं; १५ च्या वर गेला तर दाब आवरणारा रेग्युलेटर बिघडला असें समजावें, आणि मग बल्ब भराभर जळतात. मीटर नसला तरी अडत नाहीं. दिव्याच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक सुटी तार धरावी. लुकलुक थांबली तर चोर सांपडला!

दुरुस्ती स्वस्त आहे. इंजिन बंद करून बॅटरीची ऋण तार आधीं काढावी आणि शेवटीं जोडावी. टोकांवर पांढरा-हिरवा थर आला असल्यास कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून तो ब्रशानें धुवावा. पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. मग जोड कोरडा करून, पॉलिशपेपरनें चकचकीत घासून घट्ट आवळावा व वर व्हॅसलीन लावावें. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, तेव्हां जवळ विडी-काडी नको. अर्थिंगचा स्क्रूही असाच घासावा. इंजिन चालूं ठेवून बॅटरीची तार काढून पाहण्याची डायनामोच्या काळची परीक्षा मात्र आजच्या मोटारीवर करूं नये. दाब एकदम उसळून आंतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळूं शकते. फ्यूज उडाला म्हणून चांदीचा कागद गुंडाळणारेही आहेत. अशानें फ्यूज वांचतो आणि तार पेटते.

हौसेनें बसविलेले एलईडी दिवे ही निराळी गोष्ट. कांहीं गाड्या दिव्याला प्रवाह तुटक-तुटक देतात. तापलेल्या तारेच्या बल्बांत तें जाणवत नाहीं, एलईडींत जाणवतें. तेथें बिघाड नाहीं. त्या गाडीस जुळणारा दिवा घेतला कीं झालें.

आणि घाटांतच दिवे मंदावूं लागले तर? वेग कमी करावा, पंखा व वातानुकूलन बंद करून बॅटरीवरचा भार हलका करावा, चारही इंडिकेटर लावून वळण टाळून रुंद जागीं थांबावें. इंजिन बंद करून बॅटरीचीं टोकें हातानें हलवून पाहावीं. हललीं तर पुष्कळ गाड्यांत दहा नंबरचा पाना पुरतो, आणि तो पानपेटींत नव्हे, डॅशबोर्डच्या कप्प्यांत असावा. धुक्यांत डिकी उपसण्याची ती वेळ नसते.