मीना, मिठू आणि कोंबडीचोर

युनिसेफच्या ‘मीना’ मालिकेतली पहिली गोष्ट ठाऊक नसेल तर आधी ती सांगतो. राजू शाळेत जातो, त्याच्या बहिणीला, मीनाला, कुणी पाठवत नाही. मग ती आपल्या मिठू पोपटाला राजूच्या मागून धाडते. पोपट वर्गातली मोजणी ऐकतो आणि घरी येऊन तिला शिकवतो. एके दिवशी मीना कोंबड्या मोजते, तर एक कमी! आरडाओरडा होतो, चोर सापडतो आणि मीनाची शाळा सुरू होते. समाजशास्त्रातल्या समूह आणि विचलन (म्हणजे रूढ नियम मोडणं) या कल्पना समजून घ्यायला याहून चांगला ॲनिमेशनपट माझ्या पाहण्यात नाही.

भारतीय ॲनिमेशनची पार्श्वभूमी थोडक्यात. फाळक्यांनी 1915 मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा ॲनिमेशनपट केला. 1956 मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि ॲनिमेटर राम मोहन तिथे घडले. सार्कने 1991 ते 2000 हे बालिका दशक ठरवलं, त्या काळात मीना आली. तिला रूप दिलं राम मोहन यांनी.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे, समाजशास्त्राकडे. आम्ही सांताक्रूझकर. पूर्वेला कलिन्याच्या विद्यानगरीत मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग आहे, 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केलेला, पुढे मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी नावारूपाला आणलेला. समाजशास्त्रातली, रॉबर्ट मर्टनने विस्ताराने मांडलेली ‘संदर्भ समूह’ ही कल्पना मीनाला अगदी चपखल बसते. माणूस ज्या गटात नाही त्याच्याही मापाने स्वतःला जोखतो, आणि तिथे शिरण्याआधीच तिथल्या रीती उचलतो. मीनाचं नाव हजेरीपटावर नाही, पण मोजणी तिला येते. राजूने आकडे म्हटले तर तो अभ्यास. तेच मीनाने म्हटले तर नसता उद्योग. हॉवर्ड बेकरने 1963 मध्ये मांडलं ते हेच: विचलन कृतीत नसतं, शिक्का मारणाऱ्यांच्या नजरेत असतं.

बेकरचं हे म्हणणं वाचताना मला नेहमी धोंडो केशव कर्वे आठवतात. 1893 मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. त्याच कर्व्यांनी 1916 मध्ये काढलेल्या महिला विद्यापीठाचा जुहू परिसर आमच्या सांताक्रूझ पश्चिमेला आहे, आणि त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे घुर्यांच्या विद्यार्थिनी. वाळीत टाकलेल्याचं घर एका पिढीत समाजशास्त्राच्या वर्गात पोहोचलं! कॉलेज सुटताना जुहू परिसराच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या मुलींचा घोळका पाहिला की मुरूडचा तो बहिष्कार डोळ्यांपुढे येतो.

पुन्हा कोंबड्यांकडे. समाजशास्त्रज्ञ दुर्खीम म्हणतो, गुन्हा समाजाला एकत्र आणतो. इथे चोर हा खरा बाहेरचा ठरतो, सगळे त्याच्या विरोधात एक होतात आणि त्या क्षणी मीना ‘आपली’ होते. एक विचलन बाहेर काढताना दुसरं आत घेतलं जातं. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या मुलांना हा भाग दाखवला, तेव्हा चौथीतल्या एका मुलीने विचारलं, “काका, चोर आलाच नसता तर?” तिने नेमकं बोट ठेवलं. मीनाला शाळा मिळते ती कोंबडी वाचवली म्हणून. हक्काची गोष्ट तिला फायदा दाखवून मिळवावी लागते, आणि ते मला आजही खटकतं.

म्हणूनच मालिकेतला आंब्याच्या वाटणीचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. राजूला मोठी फोड, मीनाला लहान. मग दोघं एका दिवसापुरती कामं बदलतात आणि राजू मेटाकुटीला येतो. चार्ल्स कूलीच्या भाषेत कुटुंब हा प्राथमिक समूह. नियम तिथेच शिकवले जातात आणि मोडायचे तेही तिथेच. या खेपेला फायद्याचा सौदा नाही, चोरही नाही. ज्याला मोठी फोड मिळत होती, त्यालाच ती चुकीची वाटू लागते. या भागावर आमच्या मुलांत बराच वेळ भांडण झालं, आणि सर्वांत जास्त बोलले ते मुलगे.