छपरावरचा बर्फ आणि शिडीवरचा माणूस

आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस सोलर पॅनेलवरच्या बर्फाविषयी काय बोलणार? पण गेली काही वर्षं आमचा हिवाळा टोरांटोजवळ, मुलीकडे जातो. तिच्या छपरावर सहा किलोवॉटची पॅनेलं आहेत आणि त्यांची वीज मोबाईलवर दिसते. मागच्या फेब्रुवारीत रात्रभर बर्फ पडला. सकाळी स्वच्छ ऊन, आणि मोबाईलवर आकडा शून्य. आम्हाला राहवेना. घरातली मंडळी कामाला गेल्यावर आम्ही शिडी लावली, झाडू घेतला आणि चढलो. दोन पॅनेलं झाडून झाली आणि शिडीचा पाय सरकला. खाली झुडपं होती म्हणून मनगटावर निभावलं. प्लास्टर होतं तोवर सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, "किती युनिटं वाचवलीत?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. आज ते उत्तर शोधू या.

आधी बर्फ नेमकं काय करतो ते पाहू. पॅनेलमधले सेल माळेतल्या मण्यांसारखे एकामागोमाग जोडलेले असतात. एक झाकला गेला की त्या माळेतला प्रवाह अडतो. म्हणून पॅनेलमध्ये साधारण तीन माळा करतात आणि प्रत्येकीला डायोडची एक बगलवाट देतात. एक माळ अडली तर प्रवाह तिला वळसा घालून जातो. पण जुन्या पद्धतीचं पॅनेल उभं बसवलेलं असेल, तर तिन्ही माळा वरपासून खालपर्यंत जातात. बर्फ घसरून खालच्या कडेशी साचला, की वितभर पट्टीसुद्धा तिन्ही माळा अडवते. तेच पॅनेल आडवं असेल तर खालची एकच माळ बंद पडते. नव्या, अर्ध्या सेलच्या पॅनेलात वरचा आणि खालचा भाग स्वतंत्र चालतो, त्यामुळे निदान अर्ध्याचा तरी उपयोग होतो.

आता दुसरी बाजू. बर्फाचा थर पातळ असेल तर त्यातून थोडा प्रकाश आत जातो. खालचे गडद सेल तापतात, काचेवर पाण्याचा पापुद्रा तयार होतो आणि वरचा बर्फ त्यावरून घसरतो. उतार जितका जास्त, तितकं हे लवकर घडतं. एखादा कोपरा उघडा पडला की तो अधिक तापतो आणि शेजारचा बर्फ सोडवतो. म्हणजे पॅनेल स्वतःला साफ करत असतं. फक्त आपल्याएवढी घाई त्याला नसते.

मग नुकसान किती? कॅनडातच एडमंटन इथल्या तंत्रसंस्थेने हे वेगवेगळ्या उतारांवर पॅनेलं बसवून, काही साफ करून आणि काही तशीच ठेवून, वर्षानुवर्षं मोजलं. कमी उताराच्या पॅनेलात वर्षाच्या विजेतली सुमारे 5 टक्के बर्फामुळे गेली. 45 अंशांवर सुमारे 2 टक्के, आणि भिंतीसारख्या उभ्या पॅनेलात 1 टक्क्याहूनही कमी.

इतकं कमी का? कारण टोरांटोत 21 डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 23 अंश वर येतो आणि दिवस नऊ तासांचा असतो. डिसेंबर-जानेवारी मिळून वर्षाच्या विजेचा दहावा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. जे मुळातच थोडं आहे, त्यातलं थोडं बर्फ नेतो.

मुलीच्या घराचा हिशेब मांडू. वर्षाला अंदाजे 7,000 युनिटं. एडमंटनपेक्षा इथे दुप्पट नुकसान होतं असं समजू, म्हणजे 10 टक्के, 700 युनिटं. युनिटला 15 सेंट धरले तर 105 डॉलर. हे अख्ख्या हिवाळ्याचे, बरं का! आम्ही चढलो होतो एका दिवसासाठी. सौभाग्यवतींच्या प्रश्नाचं उत्तर काही युनिटं, फार तर दोन-तीन डॉलर.

मग काहीच करू नये का? तसं नाही. डिसेंबरातला बर्फ खुशाल राहू द्यावा. फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये ऊन वाढतं, तेव्हा साफ करण्याचं मोल जास्त असतं. अर्थात तेव्हा बर्फही आपणहून लवकर घसरतो. साफ करायचंच असेल तर जमिनीवर उभं राहून करावं. मऊ फोमच्या डोक्याचा, लांब दांड्याचा रूफ रेक मिळतो. बर्फ भुसभुशीत असतानाच वरचा थर ओढावा आणि काचेलगतचे दोन-तीन बोटं तसेच राहू द्यावेत. खालची कड मोकळी केली की बाकीचं काम ऊन करतं. दांडा विजेच्या तारांपासून लांब ठेवावा.

ओढताना पॅनेलच्या अगदी खाली उभं राहू नये. वीतभर ताजा बर्फ म्हणजे एका पॅनेलवर पस्तीस-चाळीस किलो, आणि ओला असेल तर त्याच्या तिप्पट. तो एकदम येतो. दारावर किंवा पायवाटेवर पॅनेलं असतील तर छपराच्या कडेला बर्फ अडवणाऱ्या पट्ट्या बसवून घ्याव्यात.

गरम पाणी ओतू नये, काच तडकते. मीठ टाकू नये, चौकट गंजते. लोखंडी फावड्याने खरवडू नये आणि पॅनेलवर पाय देऊ नये. आतल्या सेलना बारीक चिरा पडतात, वरून दिसत नाहीत. आणि इन्व्हर्टर बंद केला तरी उजेडात पॅनेलांच्या तारांत वीज असतेच.

एक अपवाद सांगितला पाहिजे. ज्या घराला सरकारी वीज नाही, बॅटरीवरच सगळं चालतं, तिथे डिसेंबरचं एकेक युनिट मोलाचं असतं. अशा ठिकाणी पॅनेलं छपरावर न ठेवता हाताशी, जमिनीवर किंवा भिंतीला, खड्या उतारात बसवावीत. बर्फ टिकत नाही आणि समोरच्या पांढऱ्या जमिनीवरून परावर्तित झालेला प्रकाशही मिळतो. विचार बसवतानाच करायचा, बर्फ पडल्यावर नव्हे.

आता आमच्या विषयाकडे येतो. एपिक्टेटसची 'एनकायरिडियन' ही छोटी पुस्तिका एका भेदाने सुरू होते: काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. वर्गात हे कितीदा शिकवलं! पण त्या सकाळी आठवलं नाही, कारण मोबाईलवरचं शून्य डोळ्यांना टोचत होतं. दिसणारं नुकसान माणसाला हलवतं. मोजलेलं नुकसान पाहायला मात्र जरा बसावं लागतं. बर्फ आमच्या हातात नव्हता. शिडी काढायची की नाही, हे होतं.

आपल्यातले अनेक जण आमच्यासारखे हिवाळ्यात मुलांकडे जातात. दिवसभर घरी असतो, काहीतरी उपयोगी पडावं असं वाटतं, आणि मग शिडीकडे लक्ष जातं. घरात सगळ्यांनी मिळून एक ठरवून टाकावं, की बर्फ असेपर्यंत शिडी कुलपात. आमच्याकडे तसंच केलंय, किल्ली सौभाग्यवतींकडे आहे.

इथेच थांबतो.