रंगवलेली सावली

'चित्रपट' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्यातल्या 'पटा'कडे कुणाचे लक्षच जात नाही. पट म्हणजे वस्त्र, कापड. या कापडाचे करायचे काय, या प्रश्नाला १९२० च्या फेब्रुवारीत चित्रकारांनी दोन अगदी विरुद्ध उत्तरे दिली. एक बर्लिनमध्ये, दुसरे आपल्या महाराष्ट्रात!

बर्लिनचे उत्तर जगजाहीर आहे. रॉबर्ट वीने यांच्या 'डॉ. कॅलिगारी'साठी हरमान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर रोरिग या त्रयीने कापडावर वाकडीतिकडी घरे आणि तिरप्या खिडक्या रंगवल्या. कित्येक सावल्यादेखील दिव्याने पाडल्या नाहीत, कुंचल्याने काढल्या. डोळ्यांना दिसणारे जग नव्हे, तर भेदरलेल्या मनाला भासणारे जग रंगवावे, हा अभिव्यक्तिवादी चित्रकारांचा बाणा. महायुद्धात होरपळलेल्या जर्मनीला तो जवळचा वाटला, यात नवल ते काय?

त्याच महिन्यात कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' पुण्यात झळकला. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव यांचा हात नाटकांचे पडदे रंगवून तयार झालेला. कापड हीच त्यांची भाकरी! तरीही बाबूरावांनी कॅमेऱ्यापुढचा रंगीत पडदा दूर सारला आणि तेथे भरीव नेपथ्य उभारले. जर्मन चित्रकाराने सिनेमाला आपल्या चित्रात ओढले. बाबूराव मात्र चित्रातून बाहेर पडून शिल्पाकडे वळले.

हे दोन प्रवाह पुढे एकत्र आलेले दिसतात. बाबूरावांच्या तालमीत वाढलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल प्रभृतींनी १९२९ मध्ये 'प्रभात' काढली. १९३३ साली आपल्या नव्या 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी शांताराम जर्मनीस गेले. १९३४ मध्ये 'अमृतमंथन' आला. बळी बंद करणाऱ्या राजाच्या जिवावर उठलेला राजगुरू, पडदाभर पसरलेला त्याचा एकच डोळा आणि अंगावर चालून येणारा काळोख! यात जर्मन ठसा आहेच. पण येथली सावली रंगवलेली नाही. ती दिव्याने, भरीव खांबांवरून पडलेली आहे. ती शिकवण कोल्हापूरची.

सोलापुरात माझे विद्यार्थी 'कॅलिगारी' मोबाइलवर पाहून येतात आणि 'अमृतमंथन' म्हणजे नक्कल, असे बिनदिक्कत सांगतात. त्यांना खोडून काढायला १९२० चा 'सैरंध्री' दाखवावा म्हटले, तर तो आज पाहावयास मिळत नाही. एकाच बाजूचा पुरावा उरला, की निकाल तिच्याच बाजूने लागतो.

म्हणून वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत आजोबांच्या ट्रंकेत मूकपटांच्या काळातली एखादी चित्रपुस्तिका, छायाचित्र वा फिल्मचा डबा निघाला, तर तो रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. आपल्या बाजूची साक्ष कदाचित त्यातच असेल.